कार्डं सगळी उजव्याच रांगेत का जाऊन बसतात? लिंकच्या पोटात लिंक, डिव, पी वगैरे

कुळागरी:
मंडळी जरा मदत करा, दोन रात्री गेल्या यात. मी फोंड्याचा, घरचं कुळागर, वेबसाइटचं जे काय येतं ते व्हिडिओ बघून शिकलेलं. मावशी पावसाच्या आधी सोलां (कोकमाची सालं) सुकवते, आंब्याची साठां घालते, फणसाचे पापड, आगळ (कोकमाचा खारा रस), शिवाय आमची मिरी आणि जायफळ, म्हटलं एक साधं पान करून देऊ, सहा कार्डं, कार्डावर कुठेही बोट लावलं की त्या वस्तूचं पान उघडायचं आणि कार्डातच एक "ऑर्डर करा" जी व्हॉट्सॲप उघडेल.

झालंय असं की फोनवर दोन कॉलमची ग्रिड आहे तर सहाही कार्डं उजव्या रांगेत एकाखाली एक आणि डावी रांग पूर्ण मोकळी. लॅपटॉपवर तीन कॉलम आहेत तिथे तर बुद्धिबळाचा पट झालाय, एक घर रिकामं एक भरलेलं. वर आणखी गंमत, फोटो आणि नावावर क्लिक लागतो पण खाली भाव लिहिलाय तिथे लागत नाही. सीएसएस, म्हणजे मांडणीचा कोड, तीनदा पुसून लिहिलं. मावशी म्हणते डावीकडे काय ठेवायचं राहिलंय रे :)

कोड असा आहे, इथलं एडिटर टॅग गिळतं म्हणून शब्दांत लिहितो (ए म्हणजे लिंक, डिव म्हणजे चौकट, एच३ म्हणजे मथळा, पी म्हणजे परिच्छेद):

ए सुरू, वस्तूच्या पानाकडे
डिव सुरू, क्लास कार्ड
फोटो
एच३ – सोलां – एच३ बंद
ए सुरू, व्हॉट्सॲपकडे – ऑर्डर करा – ए बंद
पी – वजन आणि भाव – पी बंद
डिव बंद
ए बंद

असे सहा, बाहेर ग्रिडचा डिव.

जुना_टेबलवाला:
ए च्या आत डिव घातलास तिथेच गाडी घसरली. ए इनलाइन म्हणजे ओळीतला, डिव ब्लॉक म्हणजे अख्खी ओळ घेणारा, इनलाइनच्या आत ब्लॉक जात नाही, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकलो. ए बाहेर काढ, फोटोला वेगळी लिंक, नावाला वेगळी लिंक, संपलं.

मांडवीकाठ:
टेबलवाले काका, तो नियम एचटीएमएल ४.०१ चा, म्हणजे डिसेंबर १९९९ चा. एचटीएमएल ५ मध्ये तो गेला, आणि ते वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं पक्कं रेकमेंडेशन होऊनसुद्धा ऑक्टोबर २०१४ पासून इतकी वर्षं झाली. आता ए च्या आत डिव, एच३, पी, अख्खा सेक्शन, काहीही घाला, व्हॅलिड आहे, म्हणजे नियमात बसतं. कुळागरी भाऊंची चूक डिव नाही, दुसरी ए आहे. लिंकच्या आत लिंक तेव्हाही चालत नव्हती आणि आजही चालत नाही.

जुना_टेबलवाला:
बरं बाबा, वय झालं. पण मग दुसऱ्या ए ने डावी रांग रिकामी कशी होईल? लिंक दोन झाल्या तर क्लिकचा घोळ व्हावा, ग्रिडचा का?

टॅबकीवाला:
हा खरा प्रश्न. कुळागरी भाऊ, एक काम करा, व्ह्यू सोर्स नको, राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा आणि ग्रिडच्या डिवच्या आत किती पोरं, म्हणजे थेट आतले टॅग, आहेत ती मोजून सांगा.

कुळागरी:
बारा!! सहा हवी होती. प्रत्येक कार्डाच्या आधी एक रिकामी ए आहे, आत काहीच नाही. ही मी लिहिलेली नाही, शपथेवर सांगतो.

टॅबकीवाला:
तुम्ही नाही लिहिली, ब्राउझरने लिहिली. चहा घेऊन बसा, जरा लांब आहे.

ब्राउझर चुकीचं एचटीएमएल बघून कधी "हे चुकलंय" म्हणून थांबत नाही. तो गुपचूप सामान हलवतो आणि पान दाखवतो. कसं हलवायचं हेसुद्धा स्पेकमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या नियमावलीत, पायरीपायरीने लिहून ठेवलंय म्हणून क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळीकडे घोळ सारखाच दिसतो. तुमच्या केसमध्ये तो वाचत येतो, पहिली ए उघडली, डिव उघडला, फोटो, एच३, इथवर ठीक. मग दुसरी ए दिसते. पहिली अजून उघडीच आहे. तो म्हणतो लिंकमध्ये लिंक होत नाही म्हणजे हा माणूस आधीची बंद करायला विसरला, मीच करतो बंद. पण ती बंद करायची कशी, मध्ये डिव उघडा पडलाय. मग तो डिवला पहिल्या ए च्या पोटातून काढून बाहेर ठेवतो, ए ची एक नक्कल करतो, ती डिवच्या आत घालतो आणि तोपर्यंत आलेला फोटो आणि एच३ त्या नकलेच्या स्वाधीन करतो. याचं स्पेकमधलं नावच अडॉप्शन एजन्सी अल्गोरिदम आहे, म्हणजे अक्षरशः पोरं दत्तक देणं चालतं तिथे.

मग उरतं काय ते बघा. मूळ ए बाहेर, रिकामी. तिच्या शेजारी कार्डाचा डिव. डिवच्या आत नकली ए मध्ये फोटो आणि नाव, म्हणून तिथे क्लिक लागतो. मग तुमची व्हॉट्सॲपची ए. मग भावाचा पी, तो कुणाच्याच लिंकमध्ये नाही म्हणून तिथे क्लिक मेला. शेवटी तुम्ही लिहिलेलं "ए बंद" येतं तेव्हा बंद करायला काही शिल्लकच नसतं, ते तो सोडून देतो.

आणि ग्रिड. ग्रिडला आत काही आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही, थेट पोर असलं की त्याला एक घर. रिकामी ए एक घर, कार्ड एक घर. दोन कॉलम असले की रिकामी डावीकडे, कार्ड उजवीकडे, तीन असले की बुद्धिबळ. सीएसएस तुमचं पहिल्यापासून बरोबर होतं.

कुळागरी:
आईशप्पथ. म्हणजे मी दोन रात्री बरोबर असलेलं सीएसएस पुसत बसलो.

साखळीची_सून:
माझ्याकडे याचंच भावंड आहे वाटतं. आमच्या नाटक मंडळाचं पान वर्डप्रेसवर आहे, जुना क्लासिक एडिटर, प्रत्येक प्रयोगाच्या चौकटीला लिंक लावलीय पण मी तर लिंकमध्ये लिंक घातलेलीच नाही. तरी वर-खाली उगाच मोकळी जागा येते आणि इन्स्पेक्टमध्ये रिकामे पी दिसतात, व्हॅलिडेटर (कोड तपासणारं साधन) म्हणतो "नो पी एलिमेंट इन स्कोप बट अ पी एंड टॅग सीन". माझं एचटीएमएल फक्त ए, आत डिव, आत एच३, बास.

मांडवीकाठ:
ताई, तो पी वर्डप्रेस घालतो. क्लासिक एडिटरमध्ये मोकळी ओळ दिसली की तो आपणहून पॅरेग्राफ समजतो, डब्ल्यूपी-ऑटोपी नावाचं फंक्शन आहे ते. ए ला ते ब्लॉक समजत नाही त्यामुळे ए च्या भोवती पी गुंडाळतं, आणि पी च्या पोटात डिव राहूच शकत नाही. पी चं तोंड इतकं नाजूक की डिव, यूएल (यादी), एच१ ते एच६, फॉर्म, यातलं काहीही सुरू झालं की ब्राउझर पी तिथल्या तिथे बंद करून टाकतो. मध्ये ए असली तरी फरक पडत नाही. मग पी मध्ये एक रिकामी ए अडकून राहते, डिवच्या आत दुसरी ए तयार होते, आणि शेवटी जे "पी बंद" येतं त्याला जोडीदार नाही म्हणून ब्राउझर एक नवाकोरा रिकामा पी करून देतो. त्या दोन पीं चे मार्जिन म्हणजे तुमची मोकळी जागा.

उपाय, टॅगांच्या मधल्या मोकळ्या ओळी काढा, किंवा ब्लॉक एडिटरवर जाऊन कस्टम एचटीएमएलचा ब्लॉक घ्या, तिथे हे ऑटोपी मध्ये येत नाही.

साखळीची_सून:
पण तुम्हीच वर म्हणालात ना ए च्या आत डिव चालतो. मग पी मध्ये ए, ए मध्ये डिव हे का नाही? ए तर मध्ये आहेच की.

मांडवीकाठ:
बरोबर पकडलंत, मी वर "काहीही घाला" म्हटलं ते सैल होतं. ए ला स्वतःचं पोट नाही असं समजा. स्पेकमध्ये त्याला ट्रान्सपरंट म्हणतात. आपण हळदीच्या पानात पातोळी करतो ना, पान मध्ये आलं म्हणून सारण बदलत नाही. ए ज्याच्या आत बसलीय त्याला जे चालतं तेच ए च्या आत चालतं. डिवला एच३ चालतो तर डिव, ए, एच३ चालतं. पी ला डिव चालत नाही तर पी, ए, डिव पण नाही. एच३ च्या आतसुद्धा तसंच, एच३ मध्ये ए घालून तिच्यात डिव टाकला तर इनव्हॅलिड, फरक इतकाच की तिथे ब्राउझर काही मोडत नाही, चूक अंगावर येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते.

यूएल च्या बाबतीत हमखास होतं हे. यूएल, मग ए, मग एलआय (यादीतली एक नोंद) असं लिहितात लोक, अख्खी ओळ क्लिक व्हावी म्हणून. यूएल चं थेट पोर एलआयच पाहिजे. यूएल, एलआय, मग ए, आणि ए ला डिस्प्ले ब्लॉक, झालं काम. टेबलच्या ओळीला बाहेरून ए गुंडाळणारेही बघितलेत, तिथे तर ब्राउझर ए उचलून टेबलच्या बाहेर वर नेऊन ठेवतो.

टॅबकीवाला:
पातोळीची उपमा चालेल पण आता भूक लागली.

पर्वरीचा_पोर:
रिॲक्टवाले (जावास्क्रिप्टने पानं बनवायची लायब्ररी) कोण असतील तर एक वेगळी अडचण सांगतो, आमच्या ऑफिसात यावर एक अख्खा दिवस गेला. ब्राउझरचं हे सामान हलवणं फक्त एचटीएमएलचा मजकूर वाचताना होतं. जावास्क्रिप्टने क्रिएट-एलिमेंट करून ए च्या आत ए घातली तर तो निमूट घालू देतो, काही हलवत नाही. त्यामुळे लोकलवर नुसतं क्लायंट रेंडर, म्हणजे पान ब्राउझरातच बनवणं, चालू होतं तोवर सगळं झकास, कन्सोलमध्ये लाल वॉर्निंग यायची ती कोण वाचतोय. मग सर्व्हर रेंडर चालू केलं, सर्व्हरने मजकूर पाठवला, ब्राउझरने वाचताना तो हलवला, आता रिॲक्टच्या डोक्यातलं झाड वेगळं आणि पानावरचं वेगळं, दोन्ही जुळेनात, म्हणजेच हायड्रेशन एरर. आणि नेक्स्ट (रिॲक्टवरचं फ्रेमवर्क) वापरत असाल तर आवृत्ती १३ पासून लिंक कंपोनंट स्वतःच ए तयार करतो, जुन्या सवयीने आत आणखी ए घातली की ऑक्टोबर २०२२ च्या आधीचा चालता कोड अपग्रेड केल्या केल्या आडवा.

ते लाल वॉर्निंग वाचत जा एवढंच.

कुळागरी:
हे वरचं मला अर्धं कळलं, असो. पण माझं काय करू? आतली ए काढून बटन घालू का आणि ऑनक्लिकला व्हॉट्सॲप उघडू? मग लिंकमध्ये लिंक राहणार नाही.

टॅबकीवाला:
नको. ए च्या आत बटन पण इनव्हॅलिड, सिलेक्ट, टेक्स्टएरिया, लेबल, आयफ्रेम, कंट्रोल्स लावलेला व्हिडिओ, जे जे स्वतः क्लिक घेतं ते ए च्या आत नाही. टॅबइंडेक्स (टॅब कीचा थांबा ठरवणारं) लावलेलं काही असेल तर तेही नाही. ब्राउझर बटन हलवणार नाही, ग्रिड सरळ दिसेल आणि तुम्हाला वाटेल सुटलं, पण कीबोर्डने फिरणाऱ्याला एकात एक असे दोन थांबे, आणि बटनावरचा क्लिक बाहेरच्या लिंकपर्यंत जाऊ शकतो तो अडवायला वेगळं जावास्क्रिप्ट.

कान_उघडे:
मी या धाग्यात जरा उशिरा आलो. मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पान वाचून ऐकवणाऱ्या प्रोग्रामवर, चालतो, लॅपटॉपला एनव्हीडीए, फोनवर टॉकबॅक. इथे सगळे व्हॅलिड आहे का एवढंच बोलतायत, म्हणून माझ्या बाजूने काय होतं ते लिहितो.

कुळागरी भाऊंच्या आताच्या पानावर टॅब मारत गेलो तर प्रत्येक कार्डाआधी एक लिंक लागणार जिच्यात काही नाही. कळत नाही कुठे आलो. तुम्ही ती बघू शकत नाही, मला मात्र ती रोज भेटते, निदान तुमच्या डाव्या रांगेने तुम्हाला सांगितलं तरी.

दुसरं, मांडवीकाठ म्हणतात तसं अख्खं कार्ड एका ए मध्ये घातलं, आत दुसरी लिंक नाही, शंभर टक्के व्हॅलिड. पण लिंकचं नाव म्हणजे तिच्या आतला सगळा मजकूर. एनव्हीडीएमध्ये मी के दाबून लिंका ओलांडत जातो. एका लिंकला मला ऐकू येतं, "लिंक, वाळवलेल्या सोलांचा फोटो, सोलां, घरची, उन्हात सुकवलेली, बिया काढलेली, पाव किलो, भाव अमुक". पुढची लिंक तेवढीच लांब. सहा कार्डांना चालेल, साठ असतील तर मी पान सोडतो. उलटही होतं, प्रत्येक कार्डाला फक्त "अधिक वाचा" लिंक. इन्सर्ट आणि एफ७ दाबून लिंकांची यादी उघडतो तर अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा. कशाबद्दल अधिक?

मला सगळ्यात सोयीचं असतं ते एच३ च्या आत ए आणि ए च्या आत फक्त वस्तूचं नाव. एच दाबून हेडिंग हेडिंग उड्या मारतो, "सोलां" ऐकू आलं, एंटर. भाव ऐकायचा तर खाली बाण.

मांडवीकाठ:
हे मी मान्य करतो, मी नुसता व्हॅलिडवर थांबलो होतो. २०२३ च्या जानेवारीत पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा एका स्टॉलवर पहिल्यांदा एनव्हीडीए कानाला लावून स्वतः केलेलं पान ऐकलं होतं. कानाचा हेडफोन काढून घरी आलो आणि सगळे ऑल्ट, म्हणजे फोटोंची लिखित वर्णनं, बदलले. लिंकांचं मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

कुळागरी:
पण दादा मग अख्खं कार्ड क्लिक कसं होणार? मावशीची गिऱ्हाइकं फोटोवरच बोट लावतात, नावावर कोण लावतंय.

टॅबकीवाला:
होतं. लिंक नावालाच ठेवायची आणि सीएसएसने तिला कार्डभर ताणायची. असं:

डिव सुरू, क्लास कार्ड
एच३ – ए, वस्तूच्या पानाकडे – सोलां – ए बंद – एच३ बंद
फोटो
पी – वजन आणि भाव – पी बंद
ए, व्हॉट्सॲपकडे – सोलां ऑर्डर करा – ए बंद
डिव बंद

कार्डाला पोझिशन रिलेटिव्ह. एच३ मधल्या ए चा आफ्टर घ्या, कंटेंट रिकामं, पोझिशन ॲब्सोल्यूट, इन्सेट शून्य. तो अदृश्य तुकडा कार्डभर पसरतो आणि तो ए चाच भाग असल्यामुळे कुठेही बोट लावलं की लिंक उघडते. व्हॉट्सॲपच्या ए ला पोझिशन रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्स १, म्हणजे ती वर येते. एचटीएमएलमध्ये दोन लिंका शेजारी शेजारी आहेत, कोणी कोणाच्या पोटात नाही. बूटस्ट्रॅपमध्ये (तयार सीएसएसचा संच) आवृत्ती ४.३ पासून स्ट्रेच्ड-लिंक नावाचा क्लास आहे तो हेच करतो. फोटो डोळ्यांना वर हवा असेल तर कार्डाला फ्लेक्स कॉलम करून फोटोला ऑर्डर वजा १ द्या, आणि ऑर्डर लिंकेत वस्तूचं नाव घाला नाहीतर कान_उघडे भाऊंना परत सहा "ऑर्डर करा".

कुळागरी:
लाइट गेली होती तीन तास, आत्ता आली. केलं सगळं. डावी रांग भरली!! पण क्लिक अजून फक्त नावावरच लागतोय, फोटोवर नाही.

टॅबकीवाला:
एच३ ला कुठे पोझिशन रिलेटिव्ह दिलंय का? किंवा त्या ए लाच?

कुळागरी:
एच३ ला आहे, नावाखाली एक बारीक रेघ काढायला दिलं होतं.

टॅबकीवाला:
मग आफ्टर एच३ पुरताच ताणला जातो. तो वर वर जाताना जो पहिला पोझिशन दिलेला भेटेल त्याच्यातच अडकतो. रेघ बॉर्डर-बॉटमने काढा आणि एच३ चं रिलेटिव्ह काढा.

कुळागरी:
लागला!! मावशीला दाखवलं, म्हणाली पयलींच अशें करपाक जाय आशिल्लें.

जुना_टेबलवाला:
एक खोड सांगतो, नुसतं बघून कौतुक करू नका. आता भावावर बोट दाबून धरा आणि कॉपी करायचा प्रयत्न करा. होणार नाही, वर तो अदृश्य तुकडा पसरलाय. माझं जुनं, फोटोला एक नावाला एक लिंक, त्यात हे होत नव्हतं.

मांडवीकाठ:
काका, बरोबर आहे ते. पण अख्खं कार्ड ए मध्ये घातलं तरी तोच त्रास, लिंकमधला मजकूर निवडणं तसंही कटकटीचं. जिथे लोकांना काही कॉपी करायचंच असतं, फोन नंबर, पत्ता, तेवढ्या तुकड्याला पोझिशन रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्स देऊन वर काढायचं. आणि तुमच्या पद्धतीत एकाच पानाच्या दोन लिंका, टॅबचे थांबे दुप्पट.

जुना_टेबलवाला:
फोटोच्या लिंकेला टॅबइंडेक्स वजा १ आणि एरिया-हिडन देतो मी, म्हणजे टॅब आणि स्क्रीन रीडर दोघेही ती ओलांडतात. शिकतो रे मी पण.

साखळीची_सून:
माझंही झालं. मोकळ्या ओळी काढल्या, पी गेले. फक्त ए ला फोकस आला की भोवतीची चौकट तुटकी तुटकी दिसते, वर एक तुकडा खाली एक.

मांडवीकाठ:
तुमच्याकडे ए च्या आत डिव आहे आणि ए अजून इनलाइनच आहे. इनलाइनच्या आत ब्लॉक आला की ए ची पेटी तुटते. व्हॅलिड असण्याशी याचा संबंध नाही, ए ला डिस्प्ले ब्लॉक द्या.

साखळीची_सून:
दिलं, गेलं. देव बरें करूं.

कुळागरी:
शेवटचं विचारतो मग धागा सोडतो. आगळ संपलं, नवीन पुढच्या वर्षी. त्या कार्डावरची ऑर्डरची ए काढून टाकली की कार्ड बुटकं होतं आणि ओळ बिघडते. ए तशीच ठेवून नुसता एचरेफ (लिंकचा पत्ता) काढला आणि आत "आगळ संपलं" लिहिलं तर चुकेल का?

टॅबकीवाला:
नाही चुकत. एचरेफ नसलेली ए व्हॅलिड आहे, जिथे एरवी लिंक असती ती जागा असाच तिचा अर्थ. टॅबने तिथे थांबत नाही, क्लिक घेत नाही. फक्त तिचं पोझिशन रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्सही काढा, नाहीतर तेवढ्या पट्टीवर बोट लावलं तर काहीच उघडणार नाही. आणि सीएसएसमध्ये नुसत्या ए ला रंग दिला असेल तर ती अजून लिंकेसारखी निळी दिसेल, निवडताना ए आणि एचरेफ दोन्ही लिहा.

कान_उघडे:
मला ते साध्या मजकुरासारखं "आगळ संपलं" एवढंच ऐकू येईल. सोलां आहेत ना अजून? अर्धा किलो ठेवा, आज रात्री तुमच्याच पानावरून ऑर्डर करून बघतो, कुठे अडलो तर इथेच लिहीन.